बेल्ट बदलायचा कधी?

गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. चीं... चीं... चींऽऽ! पडेगावच्या त्या वर्कशॉपमधल्या साऱ्या माना फाटकाकडं वळल्या. पांढऱ्या, जुन्या गाडीतून एक उंच, सावळा तरुण उतरला आणि ओशाळून म्हणाला, "सकाळच्या गारठ्यात लई ओरडते हो ही. ऊन चढलं की होते गप्प."

विशाखानं बॉनेट उघडलं. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून ती इथं सुपरवायझर झाली, तेव्हापासून नवं गिऱ्हाईक आधी तिच्याकडं बघायचं आणि मग तिच्यामागं कुणी पुरुष उभा आहे का, ते शोधायचं. हा मात्र सरळ तिच्याशेजारी येऊन वाकला. त्याच्या शर्टाला फिनेलचा वास होता आणि... ओल्या गवताचा.

"फॅनबेल्ट संपलाय तुमचा," ती टॉर्च मारत म्हणाली. "आतली बाजू बघा, काचेसारखी चकाकतेय. म्हणून घसरतो, म्हणून ओरडतो. आणि इथं भेगा पडल्यात. बदलूनच टाका."

"नाय बदलला तर?"

"तुटेल. बॅटरी चार्ज होणार नाही, इंजिन तापेल, स्टिअरिंग जड होईल."

"पण तुटेल कधी?"

"ते कसं सांगू? आज... नाहीतर महिन्यानं."

त्यानं बॉनेटवरून नजर काढून तिच्याकडं बघितलं. मग हसला. "मग पुढच्या शनिवारी दाखवतो परत."

आणि चीं चीं करत निघूनही गेला! विशाखा टॉर्च तशीच हातात धरून उभी.

"देवगाव रंगारीचे डॉक्टर," मालक अप्पाराव म्हणाले. "सम्यक नाव. जनावरांना औषध देतेत."

शनिवारी तो खरंच आला. येताना हुरडा आणला, सगळ्या वर्कशॉपला वाटला. म्हणजे कंजूष तर नव्हता. पण बेल्टचं नाव काढलं की, "अजून थोडा चालेल ना, मॅडम?" त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. भेगा वाढलेल्या, आवाज वाढलेला, आणि त्याचं हसूही... जरा वाढलेलंच.

विशाखाला काही उमजेना. एवढा शिकलेला माणूस, याला साधी गोष्ट कळत कशी नाही? बरं, कळत नसेल, तर आपल्याला राग का येत नाही? आणि शनिवारीच वेणी दोनदा का घालावी लागते? असल्या प्रश्नांचं उत्तर डिप्लोमात शिकवलेलं नव्हतं.

मग एका शनिवारी तो आलाच नाही.

दुपार कलली. फाटकावर हॉर्न वाजला की ती दचकायची. शेवटी तिनं फोन लावला. कामाचाच फोन, असं स्वतःला दोनदा बजावून.

"तुटला हो, मॅडम," पलीकडून दमलेला आवाज आला. "दौलताबादच्या अलीकडं, वळणावर. स्टिअरिंग असं दगडासारखं झालं... गाडी कडुलिंबाला टेकली. येतोय तिकडंच, जीपला बांधून."

तो उतरला तेव्हा कपाळाला पट्टी होती. विशाखा हातातला पाना टाकून पुढं झाली.

"अक्कल आहे का तुम्हाला?" ती ओरडली. वर्कशॉपमधल्या माना पुन्हा वळल्या. "किती वेळा सांगितलं! समोरून ट्रक आला असता तर? शेतकऱ्याला तर म्हणत असाल, जनावराचं दुखणं अंगावर काढू नका. आणि स्वतः... स्वतःचं काही..." डोळे भरून आले आणि तिचं तिलाच नवल वाटलं. गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी कुणी रडतं का?

सम्यक गडबडला. "चुकलं माझं. बदला आता. आजच बदला. पण..."

"पण काय?"

"बेल्ट बदलला," तो खाली बघत पुटपुटला, "तर शनिवारी मी काय सांगून यायचं?"

विशाखानं कपाळावर हात मारला. गाडीतलं कुठं काय बिघडलं, हे आवाजावरून ओळखणारी ती... आणि एवढं साधं कळलं नाही?

"एवढ्यासाठी जीव धोक्यात घातला?"

"तुमच्या मनात नेमकं काय, ते कळत नव्हतं. दर वेळी तुम्ही टॉर्च मारायच्या आणि लगेच पुढच्या गाडीकडं जायच्या."

"मला तरी कुठं कळत होतं?" ती हळूच म्हणाली.

तिनं स्टोअरमधून नवा बेल्ट आणला, स्वतः बसवला. तो शेजारी उभा राहून पाना देत होता. एकदा चुकीचा दिला. दोघंही हसली.

"सुट्टी रविवारी असते ना तुम्हाला?" त्यानं विचारलं. "देवगावला याल? घरी आई आहे. तिला... सांगितलंय तुमच्याबद्दल."

"काय सांगितलंय?"

"की बोलायला कडक आहेत."

विशाखानं ग्रीसचे हात पुसले, गणवेशाकडं एकदा बघितलं आणि मान तिरकी करून विचारलं, "मग साडी नेसून येऊ, की अशीच?"

"अशीच," सम्यक म्हणाला. "अगदी अशीच या."