आत्याबाईंचा उन्हाळा

मी तापमापक तपासतो. दवाखाने, बेकऱ्या, शीतगृहं आपापले तापमापक आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात. मी ते पाण्याच्या टाकीत आमच्या प्रमाण तापमापकाशेजारी बुडवतो, कितीने चुकतात ते लिहितो आणि सही केलेली चिकटपट्टी लावून परत पाठवतो. एकवीस वर्षं हेच करतोय. आकड्यांच्या बाबतीत मला सहजासहजी कोणी बनवू शकत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातले आकडे तरी बरोबर आहेत, एवढं धरून चाला.

आमच्या घरात एक टॅरँट्युला होती. तळहाताएवढी, तपकिरी, अंगभर केस असलेली कोळ्याची मादी. लेकीने तेराव्या वर्षी हट्ट करून ती आणली आणि तिचं नाव आत्याबाई ठेवलं, कारण ती दिवसभर कोपऱ्यात बसून सगळ्यांवर नजर ठेवायची आणि तिला कशाचंच कौतुक नव्हतं. हे ऐकून माझी सख्खी बहीण सहा महिने आमच्याकडे फिरकली नाही. बायको त्या खोलीत झाडायला गेली तरी काचेच्या पेटीकडे पाठ करून झाडायची.

"त्यापेक्षा मांजर पाळलं असतंस तर काय बिघडलं असतं?" बायको विचारायची.

"मांजर लाड करून घेतं, आई. आत्याबाईंना लाड नको असतात. त्यांना फक्त बरं वाटलं पाहिजे."

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात लेकीला ताप आला. अकरा दिवस होता. तो कशाचा ते डॉक्टरांना कळलं नाही आणि उतरवताही आला नाही. नवव्या दिवशी तिने खुणेने मला जवळ बोलावलं. पाणी हवं असेल असं वाटून मी पेला उचलला.

"बाबा, उन्हाळ्यात आत्याबाईंना जप," ती म्हणाली. "तीसच्या वर जाऊ देऊ नकोस. पाण्याची बाटली गोठव, टॉवेलात गुंडाळ आणि काचेला बाहेरून टेकव. एकाच बाजूला हं. दोन्हीकडून नाही. कुठे बसायचं ते तिला निवडता आलं पाहिजे."

मी हो म्हणालो. ती सोळा वर्षांची होती.

त्यानंतर बायको आणि मी एका घरात राहत होतो, इतकंच. भांडण नव्हतं. दूध संपलंय, किल्ली खुंटीवर आहे, एवढं बोलणं व्हायचं. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासते. सकाळी साडेनऊला निघते. मी तिच्या मागोमाग. दोघंही सहाच्या सुमारास परत. ती जेवून उठली की मी जेवायला बसायचो. माझ्याकडे बघितलं की तिला लेकीचं नाक दिसतं, असं ती एकदा म्हणाली होती.

मग उन्हाळा आला. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट छताखाली. लेकीच्या खोलीत दुपारी एकोणचाळीसपर्यंत पारा जायचा. मी वचन दिलं होतं, तेव्हा कामाला लागलो. पेटी भिंतीपासून दूर सरकवली. खिडकीला जाड चादर लावली. पेटीतल्या मातीचा अर्धा भाग ओला केला, अर्धा कोरडा ठेवला. पाण्याची वाटी रोज भरली. आत एक बिनतारी सेन्सर ठेवला, बटणाएवढा. त्याचा आकडा स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या छोट्या पडद्यावर दिसायचा, दिवसातला सर्वांत जास्त आकडाही. आणि सकाळी निघताना बाटली. दोन बाटल्या होत्या: एक पेटीजवळ, एक फ्रीजरमध्ये.

त्या उकाड्यात गोठलेली बाटली फार तर अडीच तास टिकते. मी मोजलं होतं. बारानंतर आत्याबाईंचे हाल होणार हे मला ठाऊक होतं आणि नाइलाज होता.

पहिल्या दिवशी सहाला आलो तर बाटलीत अजून अर्धा बर्फ होता. पेटीतला दिवसभराचा सर्वांत जास्त आकडा सत्तावीस पॉइंट एक. खोलीचा अडतीस पॉइंट नऊ.

बायकोचं दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे. दुकानातून मधे मधे सवड काढून ती घरी येऊन बाटली बदलून जात होती, हे उघड होतं. ज्या पेटीकडे ती कधी तोंड करून उभी राहिली नव्हती, तिच्यासाठी भर उन्हात चार जिने चढून आली होती. मी काही बोललो नाही, पण त्या संध्याकाळी तिच्याबरोबरच जेवायला बसलो. तिने माझ्या ताटात वाढलं.

असे तीन आठवडे गेले. रोज बर्फ, रोज सत्तावीस. ती माझे सदरे इस्त्री करू लागली. एकदा तर, मी दाढी करताना नाकाला फेस लागला, तर ती हसली. घर परत घरासारखं वाटायला लागलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात ते विसरलं जाईल.

एका रविवारी मी म्हणालो, "उद्यापासून दुपारी तू येत जाऊ नकोस. ऊन फार आहे. मी येईन."

ती भांडी पुसत होती. "म्हणजे काय? तुम्हीच येता ना?"

"मी आजवर कधी आलो? मला बसने पाऊण तास लागतो."

"मग मी कुठे येते? मला वाटलं तुम्ही..." ती थांबली. "मला वाटलं, हा माणूस तिच्यासाठी एवढी दगदग करतोय."

नळ चालू होता. तो बंद करायला बराच वेळ कोणी हात पुढे केला नाही.

मी हट्टी माणूस आहे. सोमवारी निघताना फ्रीजरच्या दाराला सही-तारखेची चिकटपट्टी लावली, घराच्या दारालाही लावली. ही पट्टी एकदा सोलली की तिचे तुकडे होतात. पुन्हा लावता येत नाही. संध्याकाळी दोन्ही पट्ट्या जशाच्या तशा होत्या. सकाळी पेटीजवळ ठेवलेली निळ्या झाकणाची बाटली फ्रीजरमध्ये होती आणि फ्रीजरमधली पांढऱ्या झाकणाची पेटीजवळ, टॉवेलात गुंडाळलेली. एकाच बाजूला.

मंगळवारी रजा टाकली आणि खुर्ची घेऊन लेकीच्या खोलीत बसलो.

काही झालं नाही. बाराला बाटलीत नुसतं पाणी राहिलं. आकडा तीस झाला, एकतीस झाला. आत्याबाई पेटीतल्या झाडाच्या सालीच्या तुकड्याखालून बाहेर आली, काचेवर चढली, घसरली, मग पाण्याच्या वाटीवर पाय पसरून निपचित बसली. दुसरी बाटली आणायला मला वीस पावलं चालायचं होतं. मी चाललो नाही. मला बघायचं होतं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला आत्याबाईंचं काही वाटत नव्हतं. मला फक्त माझी पोर बघायची होती.

एक वाजता बायकोचा फोन आला.

"किती?"

"तेहतीस पॉइंट चार."

"तुम्ही बसलाय म्हणून येत नाहीये. बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता."

मी दार ओढून घेतलं आणि अर्धा तास जिन्यात उभा राहिलो. आत गेलो तेव्हा पेटीत सव्वीस होतं. बाटली दगडासारखी गोठलेली, टॉवेलाचं टोक तिच्या बुडाखाली खोचलेलं. आत्याबाई गार बाजूला जाऊन बसली होती.

"कोण?" हा शब्द आम्ही कधी उच्चारला नाही. सुट्टीच्या दिवशीही आम्ही दोघं साडेनऊला घर रिकामं करायचो आणि समोरच्या बागेत बाकावर बसायचो. बायको डबा घ्यायची. आम्ही खूप बोलायचो, सगळं तिच्याबद्दल. मला वाटतं, लेक गेल्यानंतर आम्ही त्याच बाकावर पहिल्यांदा रडलो. सहाला जिना चढताना बायको माझ्या पुढे असायची, दोन दोन पायऱ्या एकदम चढत.

मग हवा पालटली. ढग आले, वारं सुटलं, खोलीत सत्तावीसच्या वर काही जाईना. बाटली मी तरीही ठेवत होतो. संध्याकाळी त्यात कोमट पाणी असायचं. निळं झाकण तिथेच, पांढरं फ्रीजरमध्येच.

चौथ्या दिवशी बायको ती बाटली हातात धरून लेकीच्या पलंगावर बसून राहिली.

"आता गरमच होत नाही ना," ती म्हणाली. "कशाला येईल?"

पुढची कल्पना माझी. ती बायकोच्या माथी मारणार नाही.

प्रयोगशाळेत आमच्याकडे उष्णता देणारे दिवे असतात. एक घरी आणला आणि पेटीच्या वर लावला. पेटीत पस्तीस झालं. आम्ही बाकावर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा बाटलीत अर्धा बर्फ होता. बायकोने ती गालाला लावली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली.

सहा दिवस असं केलं. आत्याबाईने खाणं सोडलं. तिच्या पोटावरचे केस झडून टक्कल दिसू लागलं. ती दिवसभर काचेच्या कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसायची.

"तिला त्रास होतोय हो," बायको म्हणाली.

"मग नको लावू का?"

तिने चपला घातल्या.

सातव्या दिवशी बाटली उशिरा बदललेली दिसली. बर्फ जेमतेम वितळायला लागला होता. म्हणजे ती पाचनंतर कधीतरी आली असावी. मला भीती वाटली की ती कंटाळली. मी दुसरा दिवा आणला आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूला लावला. झाकणाला चिकटपट्टी लावली; का ते आता सांगता येत नाही, सवय असेल. पेटीत एकोणचाळीस होतं. गार बाजू उरली नव्हती.

आम्ही अकरालाच परत आलो. बायकोला बाकावर बसवेना.

दोन्ही दिवे काढून ठेवलेले होते. टॉवेलावर, शेजारी शेजारी. तारा नीट गुंडाळलेल्या.

खोली गार होती. बाटल्या दोन्ही फ्रीजरमध्ये होत्या.

पेटीच्या झाकणावर माझ्या सहीची पट्टी अख्खी होती.

आत आत्याबाई नव्हती.

माती आम्ही पेपरवर ओतून बोटांनी चाळली. सालीचा तुकडा उलटा केला. पलंग, कपाट, पडद्यांच्या घड्या, सगळं पाहिलं. सेन्सरही नव्हता. बायको जमिनीवर बसली आणि रिकाम्या पेटीत तोंड घालून म्हणाली, "चुकलं गं. चुकलं आमचं. परत नाही करणार." ती हे पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मी तिथे दारात उभा होतो.

त्यानंतर बाटली कधी बदलली गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ती ठेवून पाहिली, रिकाम्या पेटीला टेकवून. अडीच तासांत पाणी.

पण फळीवरच्या पडद्यावर आकडा येतो. त्या दिवसापासून येतोय. चोवीस पॉइंट सहा. बाहेर बेचाळीस असो की बारा, चोवीस पॉइंट सहा. सेन्सरची बॅटरी आठ महिने चालते आणि त्याचा आवाका तीस मीटरचा आहे. तीस मीटरमध्ये आमचं घर येतं, शेजारच्यांची तीन घरं, गच्ची आणि जिना. सगळीकडे शोधून झालं. शेजाऱ्यांना मी काय सांगून त्यांच्या घरात शिरलो, ते विचारू नका. एकाच आकड्यावर अशी टिकून राहणारी जागा कुठेच नाही.

बायको रोज दुकानात जाताना विचारते, "किती?"

मी सांगतो. ती मान हलवते आणि चपला घालते. तेवढ्यावर तिचा दिवस जातो, आणि माझाही.

परवा सकाळी ती निघायच्या बेतात असताना आकडा पहिल्यांदाच हलला. सेन्सर मुठीत धरला की आकडा कसा हलतो, ते मी एकवीस वर्षं रोज बघतोय: आधी सावकाश, मग भरभर, मग हाताच्या उबेपाशी येऊन थांबतो, चौतीसच्या आसपास. परवाही अगदी तसंच झालं. आधी सावकाश, मग भरभर. फक्त आकडा खाली जात होता. चार पॉइंट दोनवर थांबला, मिनिटभर तिथेच राहिला, आणि मग मूठ उघडावी तसा हळूहळू परत वर आला.

"किती?" बायकोने दारातून विचारलं.

"चोवीस पॉइंट सहा," मी म्हणालो.