पिल्सनरला लोण्याचा वास

चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून ती त्या दुकानात शिरली. शिरली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं... पण पडायचे ते स्क्रू पडतातच.

चष्मेवाल्याने स्क्रू बसवला आणि उगाचच म्हणाला, “नंबरही बघून घेऊ का? बसलाच आहात तर.” हातात एक कार्ड दिलं. वरची अक्षरं मोठी, खाली बारीक होत गेलेली. मजकूर त्याने स्वतःच लिहिला होता, आणि तो सगळा बियरबद्दल! तोही फक्त पिल्सनर या फिकट, कडसर जातीबद्दल. तिने सगळ्यांत बारीक ओळ घडाघडा वाचली, ‘पिल्सनर जितकी गार, तितकी चांगली.’

“दिसलं?” त्याने विचारलं.

“दिसलं. पण चूक आहे.”

“काय चूक आहे?”

“फार गार केली की जीभ बधिर होते. मग पिल्सनर काय आणि पाणी काय!”

चष्मेवाला हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत राहिला. तोवर त्याने तिचे फक्त डोळे बघितले होते, तेही कामापुरते. आता मात्र...

“गुरुवारी संध्याकाळी काय करता?” त्याने विचारलं.

गुरुवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत चार-पाच पिल्सनरवेडे जमत. एक निवृत्त पोस्टमास्तर, भूल देणारी एक डॉक्टरीणबाई, दोघे साडू, आणि हा. सगळे आपापल्या लाडक्या बाटल्या आणत आणि एकमेकांच्या बाटल्यांना नावं ठेवत. ती गेली. पोस्टमास्तरांनी विचारलं, “आपण काय करता?”

“लॅबमध्ये असते. पाणी वगैरे तपासते.”

आता बियरमध्ये पाणीच जास्त असतं, तेव्हा ही काही पुरती थाप नव्हे. पण खरं सांगायचं तर ती गावाबाहेरच्या बियरच्या कारखान्यात चव तपासायला होती. तिने ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय टाकीतला थेंब बाहेर पडत नसे. घरी तिला सगळे नाकाबाई म्हणत. आई तर तिच्यासमोर भांड्यावरचं झाकण काढताना दबकत असे. “नाकाने कांदे सोलते मेली,” ही कौतुकाची आणि तक्रारीची एकच ओळ.

तिने लपवलं ते एवढ्यासाठी की काम कळलं की माणसं घोट घेऊन आधी तिच्या तोंडाकडे बघतात, आणि मग तिला आवडेल ते बोलतात. मागे एकजण होता, इंजिनियर. दिसायला छान, वागायला छान. सिनेमा असो, सरबत असो, “तुला आवडलं ना? मग मलाही.” ती रडकुंडीला आली होती. एकदा तिने मुद्दाम मीठ घातलेली कॉफी दिली. त्याने संपवली, वर म्हणाला, वेगळीच आहे! त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला, होयबा नको.

तर पहिल्याच गुरुवारी चष्मेवाल्याने आपली नवी लाडकी बाटली काढली. निळ्या लेबलची. तिच्याच कारखान्याची!

“आता ही बघा,” त्याने ग्लास तिरका धरून हळूहळू ओतली, फेस बसू दिला, पुन्हा ओतली. “हिच्यात काय मऊपणा आहे... लोण्यासारखा. कुणीतरी निवांत बसून, जीव लावून केलीये ही.”

तिला ठसका लागला.

कारण तो लोण्याचा वास ही चूक होती. बियर आंबवणारं यीस्ट शेवटी टाकीत थोडं निवांत राहू दिलं की तो वास स्वतःच खाऊन टाकतं. घाईघाईने टाकी गार केली, तर वास मागे राहतो. कारखान्यात नवी मोठी ऑर्डर आली होती, आणि सगळ्यांना घाई झाली होती. नेमकी त्याच आठवड्यात ती रजेवर होती, आणि तिने न तपासताच हा माल बाहेर गेला होता.

“ठसका का?” त्याने विचारलं.

“काही नाही... निवांत बसून, असं म्हणालात ना. आवडलं मला.”

“बियर?”

“वाक्य.”

तो हसला. हसताना त्याच्या चष्म्याच्या काचेवर त्याचीच पापणी टेकत होती. स्वतःचा चष्मा याला नीट बसवता येत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि माशी इथेच शिंकली. माणसाचे दोष आवडायला लागले की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

गुरुवार येत राहिले. तो तिच्यासाठी ग्लास बाजूला काढून ठेवू लागला. ती त्याच्या शेजारचीच खुर्ची धरू लागली. भांडणं व्हायची ती बियरवरून. “ही कडवट आहे.” “पिल्सनर कडवटच असते, तुम्हाला सरबत हवंय.” “मग तुम्ही कारल्याचा रस का पीत नाही?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्हा दोघांना भूल द्यायला हवी. त्याशिवाय गप्प बसणार नाही तुम्ही.”

आणि मग कारखान्यात घोडं अडलं. पुढची बॅच तिच्या टेबलावर आली, पुन्हा तोच लोण्याचा वास घेऊन. साहेब म्हणाले, “गिऱ्हाईक तक्रार करत नाहीये. जाऊ दे की.”

‘जाऊ दे’ एवढं म्हणाली असती तर बॅच गेली असती. त्याला त्याची लाडकी निळी बाटली मिळत राहिली असती, आणि त्याची ती फुललेली मुद्रा तिला दर गुरुवारी बघायला मिळाली असती. तिने ग्लास पुन्हा एकदा हुंगला. आयुष्यात पहिल्यांदा तिला खरं बोलणं जिवावर आलं होतं.

“नाही जायची,” ती शेवटी म्हणाली. “चूक आहे.”

नवी बॅच निवांत झाली. स्वच्छ, खणखणीत, जशी व्हायला हवी तशी. ती स्वतः टाकीपाशी उभी राहिली होती.

त्या गुरुवारी पोस्टमास्तरांनी खालच्या सायकलवाल्याकडून पडद्याआड ग्लास भरून घेतले, म्हणजे कोणती बियर कुठे ते कुणालाच कळू नये. पाचपैकी मार्क द्यायचे. तिसऱ्या ग्लासाला पोस्टमास्तरांनी तीन दिले, डॉक्टरीणबाईंनी तीन, साडूंनी एकमेकांचं बघून तीन-तीन. चष्मेवाल्याने दोन.

“चूक काही नाही हो हिच्यात,” तो म्हणाला. “पण पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या खोलीसारखी वाटते. बसावंसं वाटत नाही.”

पडदा सरला. तिसरी बाटली निळ्या लेबलची.

“छे! शक्यच नाही!” तो उभाच राहिला. “कुणी वाट लावली हिची? कोण हा शहाणा?”

“मी,” ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. कारखाना, आपलं काम, घाई, लोण्याचा वास.

“अरे वा!” पोस्टमास्तर म्हणाले. “तरीच! मी म्हणतच होतो, काय सफाई आहे! पाच करा माझे.” डॉक्टरीणबाईंनी साडेचार केले. साडूंनी पुन्हा घोट घेऊन माना डोलावल्या.

चष्मेवाला खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

माणसं पांगली. ग्लास धुवायची पाळी तिची होती. तो गेला असेल असं धरून ती नळाखाली ग्लास घासत राहिली. डोळे भरून येत होते... फेसामुळे म्हणावं तर साबण तिने लावलाच नव्हता.

“ग्लास असे उपडे ठेवले की डाग पडतात,” मागून आवाज आला. तो शेजारी येऊन चष्मे पुसायच्या कापडाने एकेक ग्लास पुसू लागला. “इतके दिवस मी एका चुकीची स्तुती करत होतो आणि तुम्ही मनातल्या मनात हसत होतात?”

“पहिल्या दिवशी हसले. नंतर नाही.”

“नंतर काय?”

“नंतर भीती वाटायची. सांगितलं तर तुम्ही तोंडघशी पडाल... आणि मला टाळाल.”

त्याने ग्लास उजेडात धरला. बराच वेळ पुसत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “मार्क बदलू का?”

याने आता मार्क बदलले, तर हाही होयबाच, मग सगळं संपलंच.

“का? आवडायला लागली?”

“नाही ना!” तो वैतागून म्हणाला. “तुमची आहे म्हणून खूप प्रयत्न केला. उरलेली बाटलीसुद्धा आत्ता संपवली. नाहीच आवडली. पण तुम्हाला वाईट वाटत असेल तर...”

“वाटतंय. फार वाटतंय. पण मार्क बदललेत ना, तर मी इथे परत पाऊल टाकणार नाही.”

त्याने ग्लास खाली ठेवला. “मग दोनच?”

“दोनच.” आणि नळ चालूच होता, तेवढ्यात ती बोलून गेली, “मला तुम्ही आवडता. खूप. तुमची जीभ एकदम वाया गेलेली आहे, तरीही.”

त्याने चष्मा काढला, पुसला. मुळात तो स्वच्छच होता.

“मी गुरुवारची वाट बियरसाठी बघत नाही,” तो हळूच म्हणाला, “हे मला फार उशिरा कळलं. चव जरा मंदच आहे माझी... आज सिद्ध झालंच.”

ती हसली आणि हसता हसता रडलीही. त्याने तेच कापड पुढे केलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “पुढच्या गुरुवारी काय आणाल?”

“निळ्या लेबलची.”

“आवडत नाही ना?”

“नाही. पण आयुष्यभर तुमच्याशी भांडायला काहीतरी लागेलच.”

भांडतच दोघं जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर कळलं की वरचा दिवा तसाच राहिलाय. दिवा बंद करायला एक माणूस पुरला असता... पण दोघंही पुन्हा वर गेली.