बिनठिपक्याचा खेकडा

तिची आणि त्याची पहिली भेट चिखलात झाली, तीही चांगल्या कंबरभर चिखलात. खारफुटीच्या मुळांत तिचे पाय रुतलेले, एका हातात खेकडा, दुसऱ्या हातात लाल नेलपॉलिशची बाटली... आणि होडीतून एक तरुण शांतपणे विचारत होता, "मॅडम, त्याला नटवताय की बुडताय?"

"आधी हात द्या," ती म्हणाली. "त्याला नको, मला."

त्याने तिला वर ओढून घेतलं. खेकडा मात्र तिने शेवटपर्यंत सोडला नव्हता.

ती खेकडा-बीज केंद्रातली संशोधक. खाडीतले खेकडे संपत आले, म्हणून दोन वर्षं तिने पिल्लं वाढवून पाण्यात सोडली होती. आता मोजणी होती. महिनाभर मासेमारी बंद. शंभर खेकड्यांच्या पाठीवर लाल ठिपका देऊन ते सोडायचे, मग सापळ्यात येईल तो प्रत्येक खेकडा तिला दाखवून परत पाण्यात. ठिपक्याचेच जास्त आले, तर समजायचं, खाडीत दुसरे फारसे नाहीतच. सापळे लावायचं काम या तरुणाकडे आलं. बोटावर नांगीची जुनी खूण, म्हणून वस्ती त्याला नांग्याच म्हणायची.

रोज सकाळी तो बादली घेऊन धक्क्यावर हजर. ठिपक्याचा खेकडा ती मापायची, तोलायची, उलटा करून बघायची.

"याने ओळखलं बघा तुम्हाला."

"कशावरून?"

"डोळे वर काढून बघतोय."

"सगळे खेकडे तसेच बघतात."

"मग मीही खेकडाच म्हणायचा."

तिने वहीत मान घातली, पण हसू काही लपलं नाही. 'भाऊजी, चिखलात जायला रोज दाढी कशाला?' असं त्याच्या वहिनीने विचारल्याचंही तिच्या कानावर आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात आकडे पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"दहांत आठ ठिपक्याचे," ती म्हणाली. "म्हणजे खेकडे वाढलेच नाहीत. केंद्र बंद... आणि माझी बदली."

त्याचे कान लाल झाले. "मॅडम... बिनठिपक्याचे बरेचसे मी आणतच नव्हतो. तिकडेच सोडायचो."

"का?"

"ठिपक्याच्याला तुम्ही दहा मिनिटं लावता. बिनठिपक्याचा अर्ध्या मिनिटात उरकता. मग मी बसणार किती वेळ?"

तिला राग आला, खूप आला. "दोन वर्षांची मेहनत बुडवली असती तुम्ही."

"करायला गेलो काय, अन् वर झाले पाय," तो पुटपुटला. "तुम्ही आवडता मला. सांगता येईना, म्हणून खेकडे आणत होतो."

"उद्यापासून मी होडीत येणार. एकही खेकडा गाळायचा नाही," एवढंच बोलून ती निघून गेली.

पण संध्याकाळी जुनी पानं रद्द करताना तिला कबूल करावं लागलं, एका खेकड्याला खरं तर चारच मिनिटं पुरतात.

नव्या मोजणीत पंच्याण्णव खेकडे आले, ठिपके फक्त सात. साहेबांचा फोन आला, केंद्र चालू राहणार. तिचा जीव भांड्यात पडला. धक्क्यावर बादलीत एकच खेकडा उरला होता. तिने तो उचलला, मापपट्टी काढली.

"हा बिनठिपक्याचा आहे," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "बस तू. याला दहा मिनिटं लागतील."