तीन आणि आठ नंबरची पिन

त्या वर्षी चंद्रपूरच्या रस्त्यावर दुपारचा पारा अठ्ठावन्नावर गेला होता. बंद पडलेल्या गाडीतून बाहेर पाऊल टाकणं म्हणजे मरणच. म्हणून सरकारनं प्रत्येक गाडीत 'तगनिवड' सक्तीची केली होती. बॅटरी दोघांना पुरत नसेल, तर एसीचं यंत्र आसनांतून दोघांची नाडी मोजायचं आणि ज्याची तगण्याची शक्यता जास्त, त्याच्याच आसनात थंडावा सोडायचं. यंत्राला काळीज नसतं म्हणतात. या मेल्याला काळजाचे ठोके मोजायचंच काम दिलं होतं.

देवाजी कुळमेथे बल्लारपूरचा वायरमन. गाडी बंद पडलेली, मदत तीन तासांवर. बायको शालू उष्माघातानं बेशुद्ध, आणि थंडावा मात्र त्याच्या पाठीला. दोनदा जागा बदलल्या, थंडावा त्याच्याच मागे आला. शेवटी त्यानं डॉ. मृणाल सबनीसांना फोन लावला. तगनिवड त्यांनीच बनवली होती, वायरमनांना जोडणीही त्यांनीच शिकवली होती.

डॉक्टर आधी नाहीच म्हणाल्या. तो रडू लागला तेव्हा त्यांनी सांगितलं, की कनेक्टरच्या बारा पिनांपैकी तीनवर एका आसनाची नाडी येते, आठवर दुसऱ्याची. त्या तारांची अदलाबदल केली, की यंत्र त्याचे ठोके शालूचे समजेल.

त्यानं तारा बदलल्या आणि पंखाच बंद पडला.

"कुठल्या बाजूनं मोजल्यात?"

"तारेकडून जी. आमी तसंच मोजतो."

"नंबर तोंडाकडून असतात, देवाजी. तारेकडून सगळं उलटं होतं."

ही चूक गॅरेजात रोज होते आणि हसण्यावारी जाते. इथे तिनं शालूची चार मिनिटं खाल्ली. पण अखेर थंडावा तिच्याकडे वळला. अर्ध्या तासानं तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. देवाजीला आनंदानं हुंदका आला. त्याला घाम येणं कधीच थांबलं होतं.

आणि एकाएकी त्याची पाठ गार झाली. शालू कण्हली.

डॉक्टर म्हणाल्या, की आता त्याची नाडी तिच्याहून कमजोर झाली आहे. तारा उलट्या असल्यामुळे यंत्र कमजोरालाच थंडावा देणार, आळीपाळीनं.

"मंग तर बरंच झालं ना?"

"चाचण्यांत तसंच करून पाहिलं होतं आम्ही. थंडावा कुणालाच पुरत नाही, दोघंही जातात."

त्यानं शालूकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, की तारा होत्या तशा लावल्या तर? वीस परिषदांत या यंत्राची बाजू मांडलेली ती बाई त्याला थांबा म्हणून विनवू लागली.

"तुमचं यंत्र बरोबर हाय, म्याडम," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं तारा पुन्हा जागच्या जागी बसवल्या. शालूनं गार आसनावर मान टेकली.

"तुमाले गरम नाई होत का?" तिनं विचारलं.

"नाई वो," देवाजी म्हणाला. "तू नीज."