द्राक्षांच्या खोऱ्यातली मालन

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. पण माझी क्षमामावशी बनवून सांगणाऱ्यांतली नाही. आणि मुलुंडच्या तिच्या घरातल्या भिंतीवरचे ते डाग मी स्वतः पाहिले आहेत.

१९८६ चा फेब्रुवारी. शनिवारची संध्याकाळ.

मावशीची मुलगी आदल्या वर्षी तापाने गेली होती. पाच महिन्यांची. तेव्हापासून मावशी जेवायला बसायची आणि नुसती ताटाकडे बघत राहायची. विद्याधरकाका म्हणजे रजेचं नाव काढलं की पोटात गोळा येणारा माणूस. पण त्यांनीच ठरवलं, दोन दिवस बाहेर जाऊन यायचं. ऑफिसातल्या चंद्रप्रकाशच्या मामांची नाशिकच्या पुढे, डोंगरांमधल्या खोऱ्यात द्राक्षबाग होती. मामांनी तिथे वाइनची द्राक्षं लावली होती. बारीक, काळी, बियांची.

"वहिनी, ही खायची नाहीत हं, प्यायची!" मामा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मावशी हसली नाही.

काका मामांबरोबर वाइनच्या टाक्या बघायला गेले. मावशी एकटीच वेलींच्या रांगेतून चालत राहिली. पलीकडच्या रांगेत तोडणी चालू होती. बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

मग... त्या ऐकू येईनाशा झाल्या.

रांगेच्या टोकाला एक मुलगी उभी होती. चार-पाच वर्षांची. परकर ओला. बोटं निळी. फवारणीच्या मोरचुदात हात घातला असेल कार्टीने, असं मावशीला वाटलं.

"नाव काय गं तुझं?"

"मालन."

मग मावशीने तेच विचारलं, जे आपण सगळेच दुसऱ्यांच्या मुलांना लाडाने विचारतो. मनात काही नसतं.

"येतेस का आमच्याकडे? मुंबईला?"

मुलीने एकदा मागे वळून पाहिलं.

मग मान हलवली... हो.

मावशीने तिच्या गालाला हात लावला आणि परत फिरली. बस्स, एवढंच.

सोमवारी काका कामावर गेले. दुपारी मावशी बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती. स्वयंपाकघरात... वाटी सरकल्याचा आवाज आला.

आत कुणीच नव्हतं.

फरशीवर ओली पावलं होती. छोटी छोटी. दारापासून ओट्यापर्यंत आलेली.

परत गेलेली नव्हती.

आणि भिंतीवर, खाली, बोटांचे निळे ठसे.

मावशी ओरडली नाही. मला तर याचीच जास्त भीती वाटते. तिने दूधभात कालवला, वाटी जमिनीवर ठेवली, आणि वर्षभरात पहिल्यांदा स्वतःही पोटभर जेवली.

काका खूश! "हवापालट मानवली बघ," असं सगळ्यांना सांगत सुटले. बिचाऱ्यांना काय माहीत, आपण ऑफिसात असताना बायको कुणाशी बोलत बसते.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी बेल वाजली. मामांच्या बागेतला टेम्पोवाला भीमराज दारात होता. चंद्रप्रकाशकडून पत्ता घेऊन आला होता. त्याच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई.

"ही रुक्मिणी. आमच्याकडे तोडणीला असते. ऐकतच नव्हती, म्हणून आणली."

रुक्मिणी उंबऱ्याबाहेरच बसली.

"ताई, माझी पोर तुमच्यासंगं आली."

मावशी उंबऱ्याच्या आत खाली बसली.

"मोरचूद कालवायच्या हौदात पडून गेली ती, औंदाच्या दिवाळीत. पर रोज सांजच्याला यायची. म्या भाकरी ठेवायची. त्या दिशी म्या पल्याडच्या रांगंत होते. तुमी इचारलं, येतेस का म्हून. म्या वाकून पायलं, तर तुमच्याम्होरं कुनीच नव्हतं... तवापासून ती येईना."

मावशीने मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"मालन, चल बाई घरला," रुक्मिणीने हाक मारली.

काहीच हललं नाही.

"माझं ऐकंना. तुमी बोलावलंय. तुमीच धाडा, ताई."

मावशीने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर पोर तिच्याकडेच राहिली असती. तिच्या मांडीवर तेव्हा... वजन होतं. ओलं, थंड, मुलाएवढं.

समोर रुक्मिणी पदर पसरून बसली होती. मूल गेल्यावर आईचं काय होतं, ते मावशीला कुणी सांगायला नको होतं.

"जा गं सोन्या," ती म्हणाली. "आई न्यायला आलीय."

मांडी हलकी झाली.

रुक्मिणीचा पदर... एका बाजूने ओढला गेला. ती रडत उठली आणि एक हात जरासा खाली धरून जिना उतरली.

मावशी पुन्हा ताटाकडे बघत बसायला लागली.

महिन्याभराने भीमराज खायच्या द्राक्षांची पेटी घेऊन आला. मीही होतो तिथे. तो दारातच घुटमळला.

"रुक्मिणीचा निरोप आहे. पोर आली म्हणे. पण एकटी नाही आली. तिच्या कडेवर तान्हं बाळ असतं. दिसत नाही, पण रडतं. रुक्मिणी विचारते... ते कशानं शांत होतं?"

मावशीने दाराची चौकट धरली. आपल्या बाळाबद्दल तिथे ती एक शब्द बोलली नव्हती. काकाही नाही, मी नंतर विचारलं. रुक्मिणीला हे कुणी सांगितलं, मला आजही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नाही.

"पाठीवर थोपटू नको म्हणावं, त्याने जास्त रडते," मावशी म्हणाली. "तळपाय चोळायचे. हळू."