बंद नंबरावरची बाई

कॅन्सर निघाला की आपल्या लोकांत पेशंटची चौकशी नंतर, आधी त्याच्या लेकीचं स्थळ मोडतं. आमच्या मनस्विनीला बघायला माणसं यायला नुकतीच सुरुवात झाली होती. म्हणून ह्यांच्या घशाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि हॉस्पिटलच्या खिडकीशी घरचा नंबर विचारला, तेव्हा मी माझ्या जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या सिमचा नंबर ठोकून दिला. उगाच कुणीतरी भलत्या वेळी फोन करायचं, नणंद घरात असायची आणि पार कन्नडच्या नातेवाइकांपर्यंत बोभाटा व्हायचा. माझा स्वभावच असा, घरातलं घरात.

रेडिएशन झालं, गाठ गेली. वर्षभराने तपासणीला गेलो. हे आत डॉक्टरांकडे, मी बाहेर बाकावर. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई शेजारी येऊन बसली. करुणा नाव तिचं, कॅन्सर नोंदणीच्या ऑफिसात कामाला. जिल्ह्यात कुणाला कसला कॅन्सर झाला, उपचारानंतर माणूस कसा आहे, हे सगळं ही मंडळी फोन करकरून गोळा करतात. त्यावरून म्हणे सरकारला कळतं, कुठं काय कमी पडतंय ते.

"चिन्मय पैठणकरांसोबत आलात? बहीण का तुम्ही?"

"बायको."

"बायकोशी तर माझं दर महिन्याला बोलणं होतं, ताई. लई जीव लावून माहिती देतात."

कुठल्या नंबरवर, ते मी विचारलं. तिने सांगितला. तोच.

कंपन्या जुने नंबर दुसऱ्यांना देतात, एवढं मलाही कळतं. पण त्या दुसरीला माझ्या नवऱ्याचं नाव कसं ठाऊक? म्हणजे ह्यांनीच ते सिम सुरू करून कुणा भवानीच्या हाती दिलेलं. मी तिथंच माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ऐकू आलं. करुणाने तिच्या ऑफिसच्या मोबाइलवरून लावला, तर पलीकडून लगेच उचलला. ती दोन-चार वाक्यं बोलली आणि ठेवला.

"काय म्हणाली?"

"तसं नाय सांगता येत. पेशंटची माहिती असते. बायको म्हणून आमच्याकडं त्यांचीच नोंद आहे."

"अगं, बायको मी आहे. वैदेही पैठणकर."

"मग सांगा, जेवणाची चव लागते का त्यांना आता?"

"लागते की. माझ्या हातचं बोटं चाटून खातात."

करुणाने मान हलवली. "मार्चपासून चव नाय त्यांना. मिठाची तर अजिबात नाय." बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

संध्याकाळी मी आमटीत मीठच घातलं नाही. ह्यांनी भुरका मारला, म्हणाले, "फक्कड झालीय."

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. वर्षभर ह्यांच्या उशाशी बसले मी, ओकाऱ्या पुसल्या मी, आणि मनातलं सांगायला ती? ह्यांची चव गेली याचं वाईट नंतर वाटलं, आधी जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"जिला चव गेल्याचं सांगितलंत ती."

ह्यांनी वाटी खाली ठेवली. "तुलाच सांगितलं की. गॅलरीत बसलो होतो आपण. तू रडलीस. मग माझ्या तळपायांना तेल चोळत बसलीस."

मी आयुष्यात कधी ह्यांच्या पायांना तेल चोळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचे मोजे धुवायला घेतले. दोन्ही टाचांशी तेलाचे डाग होते. वास घेतला तर तिळाचं तेल. आमच्या घरात तिळाचं तेल येत नाही.

मोजे तसेच बादलीत टाकले आणि रिक्षाने थेट करुणाचं ऑफिस गाठलं. "तो नंबर काढ. माझा टाक."

"ज्यांची नोंद आहे त्यांना विचारावं लागतं, ताई. कुणीबी येऊन सांगितलं म्हणून नाय बदलता येत."

तिनं नंबर लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. मधूनच माझ्याकडे बघायची. माझा संयम सुटला, मी फोन हिसकावून घेतला.

"कोण गं तू?"

"तुम्ही पेशंटच्या कोण?" पलीकडून विचारलं.

शांतपणे विचारलं. आवाज माझा होता.

करुणाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "त्या म्हणतात, बाहेरच्या माणसांना आमची माहिती देऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही आता जा, मॅडम." मघापर्यंत मी तिची ताई होते.

पडेगावला घरी पोचेपर्यंत दुपार कलली होती. बेल वाजवली. ह्यांनी दार उघडलं. चेहरा टवटवीत, गालांवर किती महिन्यांनी रंग.

"नोंदणीच्या ऑफिसातून ना? वैदेही म्हणाली, कुणीतरी येईल. या."

"अहो, मी..."

"माझं काय विचारायचं ते तिलाच विचारा. मला काही आठवत नाही, तिला सगळं ठाऊक असतं."

आत स्वयंपाकघरात फोडणी तडतडली.

मी हाक मारायला तोंड उघडलं. कुणाला मारायची ते सुचेना.

हे दारातच उभे होते, अवघडून माझ्या पायांकडे बघत.

"चपला तेवढ्या बाहेर काढाल का? हिला घरात चालत नाहीत."

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात हा नियम मी केला होता.

मी चपला बाहेर काढल्या.