सत्तेचाळीस चुका

पडद्यावरचं यान कर्रर्र आवाज करत वळलं आणि अबोलीच्या तोंडून निघालंच, "अरे देवा!"

नेमकं त्याच क्षणी मागच्या रांगेतून कोणीतरी तितक्याच कळवळून म्हणालं, "अरे देवा!"

भोपाळच्या थिएटरात, रविवारच्या दुपारच्या खेळाला, दोन अनोळखी माणसांनी एकाच वेळी मराठीतून वैतागावं म्हणजे नवलच की! अबोलीने मान वळवली. अंधारात चष्म्याच्या दोन काचा तेवढ्या चमकल्या.

'ध्रुवयान'चा हा सातवा भाग. पहिला पाहिला तेव्हा अबोली सहावीत होती, आणि त्या एका सिनेमापायी ती फिजिक्स शिकली. आता नेहरू नगरच्या एका शाळेत शिकवतही होती. पण गेले तीन भाग एका थोर दिग्दर्शकाच्या हाती गेलेले. थोर असं पेपरवाले म्हणत. त्या महाशयांचं थोरपण एवढंच, की त्यांची माणसं बोलत नाहीत, नुसती क्षितिजाकडे बघत उभी राहतात, आणि मेलेला कप्तान दर भागात उठून बसतो.

मध्यंतरात चहाच्या काउंटरवर तो चष्मा शेजारी येऊन उभा राहिला.

"निर्वात पोकळीत आवाज," तो म्हणाला. ना नमस्कार, ना ओळख.

"आणि कप्तान दुसऱ्यांदा जिवंत," अबोली म्हणाली.

"तिसऱ्यांदा. पाचव्या भागातला तो जुळा भाऊ नव्हता, तोच होता."

"अय्या, हो की! मी तर भूलच गेले होते."

तो हसला. निनाद सरवटे त्याचं नाव. अवधपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात तो तपासणी विभागात इंजिनियर होता. वडील पुण्याहून बदलून आलेले, त्यामुळे त्याचं मराठी इस्त्री केल्यासारखं. अबोली पिंगळे मूळची इंदूरची, पण इथल्याच तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. तिच्या मराठीत अर्धी हिंदी आपसूक मिसळायची.

"इतका राग येतो तर तिकीट कशाला काढता?" तिने विचारलं.

"तुम्ही कशाला काढलंत?"

"मला वाटलं... शायद या वेळी तरी..."

"मलाही तेच वाटलं," तो हळूच म्हणाला. "दर वेळी वाटतं."

आता एवढ्याशा बोलण्यावर कोणी भाळतं का? अबोली भाळली. उरलेला सिनेमा दोघांनी शेजारी बसून पाहिला आणि प्रत्येक क्षितिजाला मिळून उसासे टाकले.

मग रविवार ठरूनच गेले. सकाळी पोहे-जलेबी, नाहीतर संध्याकाळी बोट क्लबवर भुट्टे. श्रावणसरी येत-जात होत्या, मोठा तलाव काठोकाठ भरला होता, आणि ही दोघं एका छत्रीत उभी राहून भांडत होती. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. निनादची एक खोड होती. सिनेमा पाहून आला की तो कारखान्यातल्या तपासणीच्या फॉर्मसारखी यादी करायचा: दोष क्रमांक, ठिकाण, गंभीर की किरकोळ. सातव्या भागाचे एकशे बारा दोष निघाले होते. अबोली ती यादी वाचून पोट धरून हसली होती.

"तुझं काय, तू नुसता चुका काढतोस," ती एकदा भुट्ट्याला लिंबू चोळत म्हणाली. "खुद्द काही बनवून दाखव ना."

"मला नाही येत. तुला येतं?"

अबोली तलावाकडे बघत म्हणाली, "येतं... बहुतेक."

सहा वर्षं तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने एक एकांकिका लिहिली होती. दूर निघालेल्या एका यानात म्हातारा-म्हातारी, हवा एका माणसापुरतीच. म्हणून एकाने शीतपेटीत झोपायचं, दुसऱ्याने जागायचं, आणि वर्षातून एकच तास दोघांनी मिळून जागं राहायचं. यंदा मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ती करायची असं तिच्या मनात होतं. मंडळाचे चिटणीस गजाननकाका म्हणाले होते, "विनोदी असतं तर डोळे मिटून हो म्हटलं असतं. बुधवारी सहाच्या आत वही आणून दे, मग बघू." बुधवार चुकला की वर्ष गेलं. आणि यंदा नाही तर मग कधीच नाही, हे अबोलीचं मन तिला सांगत होतं.

तिने वही निनादच्या हातात दिली. "सबसे पहले तूच वाचतोयस. प्रामाणिक मत दे हं."

इथेच चुकलं बघा. तपासणीच्या माणसाला कोणी 'प्रामाणिक मत दे' म्हणतं का?

मंगळवारी शाळेच्या फाटकाशी त्याने वही परत केली आणि कारखान्यातली पाळी गाठायला घाईने निघून गेला. अबोलीने रिकाम्या वर्गात बसून ती उघडली. पहिल्याच पानाला टाचलेली लाल शाईतली यादी. सत्तेचाळीस दोष. बारावा: 'एवढ्या टाकीत हवा चाळीस वर्षं पुरणार नाही. गंभीर.' एकोणिसावा: 'आजीचे अश्रू गालावरून ओघळतात. वजनरहित अवस्थेत ते डोळ्यापाशीच साचून राहतील. गंभीर.'

फिजिक्सच्या बाई होत्या ना त्या! त्याचं म्हणणं बरोबर होतं, हेच जास्त झोंबलं. तिचे स्वतःचे अश्रू मात्र नियमाप्रमाणे खाली ओघळले. तिने वही मिटली, पुढचं पानही पाहिलं नाही. घरी येऊन कपाटात, साड्यांच्या खाली टाकली. त्याचे फोन वाजत राहिले. तिने उचलले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी पाचला पाऊस कोसळत होता. विमलताईंनी, म्हणजे अबोलीच्या आईने, दार उघडलं आणि आत वळून म्हणाल्या, "अबोली, कोणीतरी चिंब भिजलेलं आलंय. पुसू की परत पाठवू?"

निनाद ओट्यावर उभा होता. चष्म्यावरून पाणी गळत होतं, आणि विमलताईंनी दिलेला टॉवेल हातात तसाच होता.

"वही दिलीस का मंडळात?" त्याने विचारलं.

"नाही देणार. सत्तेचाळीस चुका आहेत ना तिच्यात!" अबोलीचा आवाज चिरकला. "त्या थोर माणसाचे एकशे बारा दोष काढून तू हसत होतास. मी हसत होते. मग माझ्यावरही असाच हसला असशील."

"हसलो? अबोली, तू अकरावं पान पाहिलंस?"

"मी पहिल्याच्या पुढे गेलेच नाही."

"आण. प्लीज... आण."

तिने रागारागाने साड्या उपसल्या आणि वही आणून त्याच्यासमोर आपटली. अकरावं पान. तो एक तास. आजोबांना केवढं बोलायचं असतं, पण ते काहीच बोलत नाहीत. आजीच्या मागे बसतात आणि तासभर तिची वेणी घालतात. बाकी प्रत्येक पानावर लाल खुणा होत्या, इथे एकही नाही.

"इथे वेणी तरंगायला हवी," अबोली नकळत म्हणाली. "ही पण चूक आहे. तू सोडलीस कशी?"

"दिसलीच नाही. पाच वेळा वाचलं. पाचही वेळा डोळे भरून आले. मला अक्षरच दिसेना." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "आमच्या फॉर्ममध्ये चांगल्याला रकाना नसतो गं. आठ वर्षं तोच फॉर्म भरतोय. जे बरोबर असतं त्याबद्दल काही लिहायचंच नसतं, ते तसंच पुढे जातं. मी वेड्यासारखं तुझ्या वहीलाही तेच केलं. तिथे लिहायला हवं होतं की... की इतकं सुंदर मी कुठल्याच पडद्यावर पाहिलेलं नाही."

अबोलीचा राग कुठच्या कुठे पळाला.

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगणार होतो. पण तुझ्यासमोर आलो की मला... दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतं. मग मी कप्तानाबद्दल बोलतो."

आतून विमलताईंचा आवाज आला, "साडेपाच वाजलेत! ज्यांना मंडळात जायचंय त्यांनी निघा, मी टॉवेल वाळत घालते."

स्कूटरवरून दोघं निघाली. वही अबोलीने पदराखाली छातीशी धरली होती. एका वळणावर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वळण संपल्यावरही तो काढला नाही.

मंडळाच्या कचेरीत गजाननकाका कुलूप हातात घेऊनच उभे होते. वही पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, लाल खुणा पाहून आणखी घातल्या, आणि खुर्चीत बसून वाचू लागले. समोरच्या बाकावर दोघं बसली. दहावं पान. अकरावं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तेच पान परत वाचलं.

"तुझी काकू गेल्यापासून," ते म्हणाले, "वेणी हा शब्दच कोणी माझ्यासमोर काढला नव्हता. गणपतीतल्या शनिवारी साडेसहा. तुझी एकांकिका पहिली. चुका तेवढ्या नीट कर." आणि मग त्यांनी निनादला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा कोण गं तुझा?"

आता हे समजून घ्या, की गजाननकाकांना सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधी तुलसी नगरपासून अवधपुरीपर्यंतच्या प्रत्येक मराठी घरात पोचते. ती परत घेता येत नाही. अबोलीला हे चांगलं ठाऊक होतं. मित्र म्हणता आलं असतं, ओळखीचा म्हणता आलं असतं. तिने निनादकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"काका, मी याच्याशी लग्न करणार आहे," ती म्हणाली. "त्याला अजून विचारलं नाहीये."

काका खुर्चीतून अर्धे उठले. आयुष्यात पहिल्यांदाच निनादला कशातच काही चूक सापडत नव्हती.

"हो," तो म्हणाला. मग काकांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने, "हो!"